मरळ परत आणताना : बालाघाटातील एका ओढ्याचे प्रकरण

२०१९ च्या मे महिन्यात आमच्या गावात लोक जैवविविधता नोंदवही भरण्याचे काम चालू होते. या नोंदवहीच्या तक्त्यात प्रत्येक जिवापुढे पूर्वीची स्थिती आणि सद्यःस्थिती असे दोन रकाने असतात. माशांच्या पानावर वाम, मल्या, झिंगे, चिलापी अशी नावे भराभर लिहून झाली आणि मरळीच्या ओळीत पेन थांबले. भोई आळीतले सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ, ज्यांना सारे गाव मामा म्हणते, ते म्हणाले, "पहिल्या खान्यात रग्गड लिवा, दुसऱ्यात रेघ वढा." त्याप्रमाणे आडवी रेघ ओढली गेली. त्या रेघेनंतरच्या पाच वर्षांत जे केले, जे फसले आणि जे थोडेफार जमले, त्याची ही नोंद आहे. मी तालुक्याच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो आणि गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीत सदस्य आहे. फसलेल्या भागात माझा वाटा मोठा आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

ओढा आणि त्यातला मासा

गाव बीड जिल्ह्याच्या दक्षिणेला, बालाघाटाच्या पठारावर आहे. पाटोदा तालुक्यात उगम पावून पूर्वेकडे जाणाऱ्या मांजरेला मिळणारा एक ओढा गावाला वळसा घालून जातो. खाली काळा पाषाण, त्यावर मुरूम आणि त्यावर जिथे साचेल तिथे गाळ, अशी त्याची घडण आहे. पावसाळ्यात तो वाहतो, दिवाळीनंतर त्याची धार तुटते आणि होळीच्या सुमारास त्याचे दोन डोह तेवढे उरतात. त्यांतला मोठा डोह मारुतीच्या देवळामागे आहे. ओढ्याच्या वरच्या अंगाला १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांनीच बांधलेला पाझर तलाव आहे, मध्ये दोन सिमेंट नाला बांध आहेत आणि गावाच्या खाली कोसावर एक साठवण तलाव आहे, ज्यात मच्छीमार सहकारी संस्था रोहू, कटला आणि मृगळ वाढवते. पुढे जे घडले त्यातले बरेचसे या वरच्या आणि खालच्या तलावांमुळे घडले, म्हणून त्यांची जागा ध्यानात ठेवावी.

मरळ हा काही दुर्मीळ मासा नाही. शास्त्रज्ञांनी १७९३ साली नाव दिलेला हा मासा भारतभर आणि पूर्वेकडे पार इंडोनेशियापर्यंत आढळतो, बाजारात जिवंत विकला जातो आणि शेजारच्या तेलंगणाने तर त्याला राज्यमाशाचा मान दिला आहे. त्यामुळेच त्याचे एखाद्या ओढ्यातून नाहीसे होणे कोणत्याही यादीत येत नाही. देशात भरपूर असलेला जीव एका शिवारातून पुसला गेला तर त्याची दखल घेणारे कार्यालय नसते. ती दखल त्या शिवारातल्या माणसांनीच घ्यायची असते.

या माशाचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. मरळीच्या कल्ल्यांच्या वर, डोक्याच्या पोकळीत, हवेतून श्वास घेणारे जास्तीचे इंद्रिय असते. तिला कल्ल्यांवर भागत नाही. ठरावीक वेळाने पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो, आणि जाळ्यात अडकून तिला वर येता आले नाही तर ती पाण्यात असून गुदमरते. याच इंद्रियाच्या बळावर पाणी आटत गेले की ती गाळात शिरते आणि ओल टिकेल तोवर तग धरते. पावसाळ्यात नर आणि मादी मिळून काठाच्या उथळ पाण्यात गवत बाजूला सारून थाळीएवढी जागा मोकळी करतात, अंडी तिथे तरंगतात, एक-दोन दिवसांत फुटतात आणि पुढे कित्येक दिवस आईबाप पिल्लांच्या थव्याखाली पहारा देत फिरतात. तेव्हा तिला उन्हाळ्यात गाळ हवा, पावसाळ्यात गवताचा उथळ काठ हवा आणि पहाऱ्याच्या दिवसांत अभय हवे. यातले एकही जाऊन भागत नाही.

मरळ गेली कशी

सुरुवातीला आम्ही सगळ्यांनी दुष्काळाला दोष दिला, कारण मराठवाड्यात कोणत्याही नुकसानीचे ते सर्वांत हाताशी असलेले उत्तर आहे. २०१२ नंतरची कोरडी वर्षे आणि त्यातही २०१६ चा एप्रिल, ज्या महिन्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, कोणाच्याही स्मरणात ताजा होता. मामांनी मात्र मान हलवली. बहात्तर साली डोहात भेगा पडल्या होत्या, तरी पुढच्या पावसात मरळ होतीच, असे ते म्हणाले आणि वर एक वाक्य जोडले, जे मी त्याच वेळी लिहून घेतले : "पानी गेल्यानं मरळ जात न्हाई मास्तर, गाळ गेल्यानं जाती."

मग आम्ही गाळाचा माग काढला. जलयुक्त शिवार अभियान २०१४ च्या अखेरीस सुरू झाले आणि २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आली. आमच्या गावात या दोन्हींच्या मधल्या उन्हाळ्यात, म्हणजे २०१६ मध्ये, लोकवर्गणीतून पोकलेन आणून ओढ्याचे खोलीकरण झाले. विहिरींना त्याचा फायदा झाला, हे कोणी नाकारणार नाही. माझ्या स्वतःच्या भावाच्या विहिरीचे पाणी त्यानंतर महिनाभर जास्त टिकू लागले. परंतु देवळामागचा डोह तेव्हा तळापर्यंत खरवडला गेला. गाळ वाहून नेणाऱ्या ट्रॅक्टरच्या चालकाने आम्हाला जे सांगितले ते ऐकून मी काही वेळ गप्पच बसलो. ट्रॉली शेतात उलटी केली की ओल्या ढेकळांतून हातभर लांबीच्या मरळी वळवळत बाहेर यायच्या, पोरे घमेली घेऊन ट्रॉलीमागे धावायची आणि त्या आठवड्यात अर्ध्या गावात मरळीचे कालवण झाले. लोकांना तो योगायोगाने लागलेला हात वाटला. तो आमच्या डोहातला शेवटचा साठा होता.

खोलीकरणाने आणखी एक गोष्ट केली, जिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. पूर्वी ओढ्याचा काठ एका बाजूला उतरता होता, म्हशी तिथून पाण्यात शिरायच्या आणि घोट्याएवढ्या पाण्यात लव्हाळा वाढायचा. पोकलेनने दोन्ही बाजू भिंतीसारख्या उभ्या कापल्या. आता पाणी जास्त होते, परंतु अंडी घालावीत असा वीतभर उथळ काठ कुठेच नव्हता.

इतर कारणे थोडक्यात सांगता येतील. पिल्लांचा थवा दिसला की त्यातच गळ टाकायचा, कारण पहाऱ्यावरची मरळ थव्यात शिरलेल्या कशावरही तुटून पडते. एक जोडी मारली की खालची शेकडो पिल्ले बगळ्यांच्या आणि इतर माशांच्या तोंडी जातात. १९८८ मध्ये भारतात शिरलेला आणि नंतर देशभर पसरलेला अंगावर लाल जखमा होण्याचा बुरशीसारखा रोग मरळीला फार लवकर धरतो, आणि थंडीत जखमा झालेल्या मरळी पाहिल्याचे गावातल्या अनेकांना आठवते. सोयाबीनवरच्या फवारणीचे दिवस आणि मरळीच्या पिल्लांचे दिवस एकच असतात, आणि सध्या वापरात असलेली कित्येक कीटकनाशके माशांना अत्यल्प प्रमाणातही घातक आहेत; फवारणीचा पंप ओढ्यात धुण्याची आमची सवय त्या दृष्टीने फार वाईट होती. आणि करंट. तारेवर आकडा टाकून पाण्यात वीज सोडणे हा गुन्हा आहे हे सर्वांना ठाऊक होते, तरी तो उघडपणे चालत होता.

पहिला प्रयत्न, २०२०

इतकी कारणे हाताशी असताना शहाण्या माणसाने आधी ती दूर केली असती. पुनर्स्थापनेच्या कामाचा जगभर मान्य असलेला पहिला नियमही तोच आहे की, जीव ज्या कारणाने गेला ते कारण हटल्याशिवाय तो परत सोडू नये. मी हा नियम वर्गात शिकवतो. तरीही जुलै २०२० मध्ये, टाळेबंदी सैल होताच, आम्ही परराज्यातून आलेल्या एका व्यापाऱ्याकडून मरळीची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, विकत घेतली. शासकीय केंद्रांवर प्रामुख्याने रोहू-कटल्याचे बीज मिळते, मरळीचे सहजी मिळत नाही, आणि वर्गणी जमलेली असल्यामुळे लोकांना काहीतरी झालेले पाहायचे होते. मलाही पाहायचे होते.

प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या पहाटे आल्या. पहिली पिशवी मी देवळाच्या पायरीवर उजेडात धरली तेव्हा त्यात एका पिल्लाच्या तोंडातून दुसऱ्या पिल्लाची शेपटी बाहेर आलेली होती आणि दोन्ही मेलेली होती. मरळीची पिल्ले आकाराने लहानमोठी असतील तर मोठी लहानांना खातात. व्यापाऱ्याने चाळणी न लावता सगळी एकत्र भरली होती. शिवाय काही पिशव्या पाण्याने इतक्या ठासून भरल्या होत्या की वर येऊन हवा घ्यायला पिल्लांना जागाच उरली नव्हती. रोहूचे बीज आणण्याची जी रीत आहे तीच मरळीला लावली, म्हणजे हवा पिणाऱ्या माशाला त्याच्या हवेपासूनच तोडले. जी जगली होती त्यांत मिशा असलेली दोन पिल्ले निघाली. ती थाई मांगूर म्हणून विकल्या जाणाऱ्या आफ्रिकी माशाची होती, ज्याच्या संवर्धनावर केंद्र सरकारने २००० सालापासून बंदी घातलेली आहे. ती दोन आम्ही काढून टाकली, परंतु आमच्या नजरेतून तिसरे सुटले नसेलच, असे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्या दिवशी सगळी बोटुकली परत पाठवायला हवी होती. ती आम्ही नारळ फोडून सोडली. दसऱ्यापर्यंत त्यांतले एकही दिसले नाही.

बीज कुठले आणावे हा प्रश्न मी तेव्हा दुय्यम समजत होतो. त्याचे उत्तर महाराष्ट्रातल्याच एका नावाजलेल्या कामात शोधता आले असते. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून दख्खनच्या महसीर माशाची पैदास होते आणि तिथल्या पिल्लांनी अनेक जलाशय भरले. त्याच निळ्या पराचा महसीर दक्षिणेत कावेरीतही सोडला गेला, तिथे तो उत्तम वाढला, आणि कावेरीचा स्वतःचा, जगात अन्यत्र नसलेला कुबडाचा महसीर मागे हटत गेला. त्या कुबडाच्या माशाला शास्त्रीय नाव निश्चित होऊन तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला तो थेट २०१८ मध्ये. मासे वाढवण्याचे कसब आणि हेतू दोन्ही चांगले होते. नदी वेगळी होती. आमची मरळ सगळीकडे एकाच नावाने ओळखली जात असली तरी परक्या खोऱ्यातली पिल्ले आपल्या ओढ्यात मिसळताना हा अनुभव समोर असायला हवा होता.

डोह आधी, मासा नंतर

२०२१ च्या उन्हाळ्यात आम्ही माशांचा विषय बंद ठेवला आणि काठाचे काम घेतले. देवळामागच्या डोहाच्या पूर्व अंगाला उभी कापलेली भिंत मोडून साधारण पन्नास पावले लांबीची उतरती पायरी केली, पाझर तलावाच्या शेपटीकडून लव्हाळा आणि पाणकणीस मुळांसकट आणून तिथे लावले आणि डोहाच्या मध्यभागी बाभळीच्या काटेरी फांद्या दगड बांधून बुडवल्या. फांद्यांची सूचना मामांची होती. त्यात फेकजाळे अडकून फाटते, त्यामुळे चोरून मासे धरणाऱ्याला डोह परवडत नाही. पहारेकरी ठेवण्यापेक्षा ही युक्ती स्वस्त पडली.

ग्रामसभेत तीन गोष्टी ठरल्या. मृगापासून घटस्थापनेपर्यंत डोहात गळ आणि जाळे बंद; फवारणीचे पंप हातपंपाच्या ओट्यावर धुवायचे आणि ते पाणी ओढ्याकडे वाहू द्यायचे नाही; आणि डोहात दोन पुरुष पाणी उरले की मोटारी उचलायच्या. करंटवर ठराव करण्याची गरज नव्हती, कारण आकडा टाकून विजेची चोरी करणे हा मुळातच गुन्हा आहे. तिसऱ्या मुद्द्यावर सभा दोन तास चालली. डोहाकाठच्या चार शेतकऱ्यांचा गहू-हरभरा त्या पाण्यावर होता आणि माशासाठी पिकाचे शेवटचे पाणी सोडा असे सांगणाऱ्यांपैकी एकाचेही शेत डोहाला लागून नव्हते. त्यांचा राग रास्त होता. शेवटी त्या चौघांना पाझर तलावाखालच्या सार्वजनिक विहिरीतून दोन पाळ्या द्यायच्या, या तोडीवर ठराव झाला. हा भाग वगळला असता तर ठराव कागदावरच राहिला असता.

त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मांजरेला मोठा पूर आला. आमच्या पायरीचा एक तृतीयांश भाग खचला आणि पाणकणसाची बेटे वाहून गेली. ओसरल्यावर पाहिले तर डोहाच्या तळाशी गुडघाभर ताजा गाळ बसला होता. गाळ कुठून आणावा याची आम्ही वर्षभर चर्चा करत होतो.

दुसरा प्रयत्न, २०२२

या वेळी मरळ आणली ती त्याच खोऱ्यातल्या शेजारच्या एका तलावातून, जिथे ती अजून टिकून होती आणि जिथल्या ठेकेदाराशी मामांचे सोयरेसंबंध होते. दिवाळीनंतर सापळे लावून चौदा प्रौढ मरळी धरल्या. गळाने धरलेला मासा तोंडाच्या जखमेने पुढे मरतो, म्हणून गळ वर्ज्य केला. नेण्याची पद्धतही मामांची : पत्र्याच्या डब्यात वीतभर पाणी, त्यावर ओला पेंढा आणि तोंडाला गोणपाट. अंग ओले राहिले की मरळ तासन् तास तग धरते आणि वर मोकळी जागा असल्यामुळे श्वास घेते. चौदापैकी एकही वाटेत दगावली नाही.

लाल जखमांचा रोग थंडीत वर येतो, म्हणून त्या थेट ओढ्यात सोडल्या नाहीत. हिवाळाभर एका शेततळ्यात ठेवून त्यांची पाहणी केली. एकीच्या शेपटीजवळ लाल चट्टा दिसला तेव्हा ती वेगळ्या हौदात नेली आणि तिथे ती मेली. शेततळ्यावर जाळी होती, तरी जूनच्या पहिल्या पावसाच्या रात्री एक मरळ जाळीखालून निसटली आणि सकाळी शंभर-दीडशे पावलांवर, नुकत्याच भिजलेल्या सरीत, चिखल लागलेली पण जिवंत सापडली. ओल्या जमिनीवरून सरपटत दुसरे पाणी गाठायचे ही तिची जुनी खोड आहे. तिला उचलून आणणाऱ्या पोराने तिचा जो आदर केला तो माझ्या कोणत्याही व्याख्यानाने साधला नसता. उरलेल्या तेरा मरळी जून २०२२ मध्ये देवळामागच्या डोहात सोडल्या.

इथे एक चूक झाली, जी पुढे महागात पडली. सोडण्यापूर्वी प्रत्येकीच्या पराचा कोपरा छाटून खूण करणे सहज शक्य होते आणि आम्ही ते केले नाही. पावसाची घाई होती, हे कारण पुरेसे नाही.

संस्थेचा आक्षेप

मरळी सोडल्याची बातमी खालच्या तलावावर पोचायला एक दिवस लागला. संस्थेचे अध्यक्ष आले आणि ओट्यावर बसून म्हणाले की, तुम्ही शेळ्यांच्या कळपावर लांडगा सोडला आहे. त्यांच्या दृष्टीने हे खरे होते. मरळ शिकारी आहे, ती ओढ्यातून वाहत तलावात जाणार आणि संस्थेने पैसे मोजून सोडलेली बोटुकली खाणार.

यामागे एक जुना विरोध आहे, ज्याकडे देशी माशांच्या चर्चेत फारसे कोणी पाहत नाही. १९५७ मध्ये ओडिशातील अंगुल येथे संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन कार्प माशांची पैदास करण्यात यश आले आणि त्यानंतर रोहू-कटल्याचे बीज मुबलक होत गेले. त्या मत्स्यशेतीच्या पाठ्यक्रमात बीज सोडण्यापूर्वी तळ्यातील 'नको असलेले' मासे काढून टाकणे ही पहिली पायरी असते, त्यासाठी मोहाची पेंड टाकतात, आणि नको असलेल्यांच्या यादीत मरळ ठळकपणे येते. मीही परीक्षेत हे उत्तर लिहून गुण मिळवले आहेत. म्हणजे गावकरी जिला शोधत होते तिला हाकलण्याची शिफारस दोन-तीन पिढ्या शिकवली गेली होती. ज्याचे पोट संस्थेच्या तलावावर आहे त्याला देशी-परदेशीचे प्रवचन देऊन हा पेच सुटणार नव्हता.

तो सुटला तो व्यवहाराने. संस्थेने लहान बीज ओढ्याच्या मुखाशी सोडण्याऐवजी बोटभर वाढलेली बोटुकली भिंतीच्या बाजूला खोल पाण्यात सोडायची, मोहाची पेंड ओढ्याच्या अंगाला टाकायची नाही, आणि तलावात जी मरळ सापडेल ती विनाहरकत संस्थेची. जिवंत मरळीला रोहूपेक्षा चांगला भाव मिळतो, हे अध्यक्षांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते. तलावाच्या काठावर चहा पिताना त्यांनी हसत विचारले, "मग आमच्याकडं कधी वाहून येतेत त्या?"

कोरडे वर्ष आणि त्यानंतरचा पावसाळा

सोडलेल्या मरळी जगल्या की नाही हे जाळे न टाकता पाहायचे तर तिच्या श्वासाचाच उपयोग करता येतो. पहाटे वारा नसताना डोहाकाठी तास-दीड तास बसले की मरळ हवेसाठी वर येते, पाण्याला एक गोल उमटतो आणि हलका 'चपक' असा आवाज होतो. आठवीतल्या मुलांनी दर रविवारी हे मोजले. त्यातून मरळींची नेमकी संख्या मिळत नाही, कारण एकच मरळ पुन्हा पुन्हा वर येते. परंतु आहे की नाही एवढे नक्की कळते. २०२२ च्या पावसाळ्यात दर रविवारी उमट दिसत होते, पिल्लांचा थवा मात्र दिसला नाही.

२०२३ मध्ये पावसाने दगा दिला. ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला, पुढे अनेक तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला आणि आमचा ओढा त्या वर्षी धड वाहिलाच नाही. दोन पुरुष पाण्याचा ठराव जानेवारीतच कसाला लागला. एका रात्री एक मोटार चालू राहिली. दुसऱ्या दिवशी सरपंचबाई स्वतः जाऊन उभ्या राहिल्या आणि पाइप उचलला गेला. मार्चपर्यंत उन्हानेच पाणी ओढले, एप्रिलमध्ये मुलांच्या वहीत सलग तीन रविवार शून्य लागले आणि मे महिन्यात डोहाच्या जागी भेगाळलेला, मध्यभागी काळसर ओला गाळ उरला. त्या गाळासाठी दोन ट्रॅक्टरवाले विचारायला आले होते. समितीतल्या दोघांचे मत देऊन टाकावे असेच होते, कारण मासे मेलेच असतील तर शेताला तरी उपयोग होईल. मामांनी काठी गाळात खुपसली, वर काढली, टोकाची ओल बोटाने पाहिली आणि नको म्हणाले. त्या दिवशी त्यांच्या बाजूने एका मताचे आधिक्य होते.

२०२४ चा पाऊस वेळेवर आला. जुलैत उमट पुन्हा दिसू लागले. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला थवा दिसला, पण डोहात नव्हे. तो पाझर तलावाच्या सांडव्याखाली, जिथे आम्ही एकही मरळ सोडलेली नव्हती, त्या गवताळ डबक्यात होता. मी पोचलो तेव्हा पाण्याला एका जागी उकळी फुटल्यासारखे वाटत होते. जवळून पाहिल्यावर नखाएवढी, कुंकवात केशर मिसळावे तशा रंगाची शेकडो पिल्ले एकमेकांना चिकटून वर येत होती, हवा पीत होती आणि एकदम खाली जात होती. त्यांच्याखाली एक लांबट काळी सावली सावकाश वळत होती. माझ्या पायाखालचा दगड हलला तशी ती सावली थव्याच्या आणि माझ्या मध्ये येऊन थांबली. आठवड्याने देवळामागच्या डोहातही एक थवा दिसला, तो आकाराने लहान होता.

सांडव्याखालची जोडी कुठली? डोहातून वर चढलेली असू शकते. दोन्ही नाला बांध पावसात बाजूने वाहतात आणि मरळीला ओली वाट पुरते. किंवा पाझर तलावात, जिथे गाळ कधीच काढलेला नाही, तिथे काही मरळी सगळा काळ होत्याच आणि खाली गवत व पाणी दोन्ही मिळताच सांडव्यावरून उतरल्या. पराला खूण केली असती तर एका दृष्टिक्षेपात उत्तर मिळाले असते. माझे स्वतःचे मत दुसऱ्या शक्यतेकडे झुकते, आणि ते खरे असेल तर आमच्या तेरा मरळींपेक्षा आम्ही केलेला काठ, न उपसलेला गाळ आणि उचललेल्या मोटारींचे श्रेय मोठे आहे. समितीतल्या काहींना हे पटत नाही, कारण डबे त्यांनी स्वतः वाहिले होते.

थवा पाहायला गर्दी झाली, तेव्हा शेजारच्या गावचा एक तरुण गळ घेऊनच आला होता. त्याला कोणी ठराव वाचून दाखवला नाही. मामा त्याच्या शेजारी जाऊन उकिडवे बसले आणि म्हणाले, "पिल्लं लाल हायेत तवर त्यांच्या मायबापाला हात लावू न्हाई, बाबा. काळी पडली की मग तुझी अन् तिची गाठ." लाल रंग जाऊन पिल्ले काळपट होतात तेव्हाच आईबाप पहारा सोडतात. तरुणाने गळ गुंडाळला आणि पिल्ले काळी व्हायला किती दिवस लागतात ते विचारले.

२०२५ च्या उन्हाळ्यात गाळ काढण्याच्या कामासाठी ओढ्याचे नवे अंदाजपत्रक तयार झाले. शाखा अभियंता मोजणीला आले तेव्हा त्यांना मुलांच्या रविवारच्या वह्या, २०१६ च्या ट्रॉलीची हकीकत आणि मामांची काठी, असे सगळेच दाखवले. त्यांनी फारसे प्रश्न विचारले नाहीत. मंजूर होऊन आलेल्या प्रतीत मोजमापाच्या तक्त्याखाली पेनाने एक ओळ वाढवलेली होती : देवळामागील डोह व सांडव्याखालील भाग वगळून.